गावाहून येणारं खारं पाणी

मुंबईच्या तिन्ही अंगांना समुद्र आहे, आणि तरीही आमच्या घरी समुद्राचं पाणी मालवणहून रात्रीच्या लक्झरीने येत असे. हे मी ज्याला ज्याला सांगितलं त्याने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग शेजारी बसलेल्याकडे. माझी सून तर सरळच म्हणते, "आई, काहीही हं." पण मला खोटंच बोलायचं असतं तर मी यापेक्षा पटेल असं खोटं निवडलं असतं. आता नव्या टॉवरमधल्या आमच्या घरीही खाऱ्या पाण्याची एक छोटी टाकी आहे. तिच्यासाठी समुद्राचं मीठ पाकिटात मिळतं, साध्या पाण्यात मोजून ढवळायचं की झाला समुद्र तयार. सोयीचं आहे, माझी तक्रार नाही. फक्त त्या पाकिटातून गावची खबर येत नाही.

तेव्हा आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत राहत होतो. एकच खोली, तिच्यातच ओटा, मोरी, देव, कपाट आणि आम्ही तिघं: आई, बाबा आणि कॉलेजात जाणारी मी. गिरणी बंद पडल्यावर बाबा शिवाजी पार्कजवळ एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात कामाला लागले होते. केसपेपर काढायचे, नंबर पुकारायचे आणि सुईला घाबरून रडणाऱ्या पोरांना काचेच्या टाकीपाशी नेऊन मासे दाखवायचे, ही त्यांची कामं. टाकी डॉक्टरांची, पण पाणी बदलणं, काच पुसणं, खाणं घालणं हे सगळं हळूहळू बाबांकडे आलं आणि बाबांना ते आवडायला लागलं. डॉक्टरांनी म्हातारपणी दवाखाना बंद केला, मुलीकडे परदेशात जायचं ठरवलं, आणि जाताना टाकी बाबांना देऊन टाकली. "हे शांत मासे आहेत," ते म्हणाले, "एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. यांच्यात भांडखोर मासा तेवढा आणून सोडू नका." बाबांनी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मगे ह्या घरात त्यांचा कसा होतला?"

एकूण मासे चार. दोन नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे असलेले, दवाखान्यातली पोरं ज्यांना जोकर म्हणायची ते. एक चंदेरी, काळ्या रेघांचा, एका जागी उभा राहून विचार करणारा. आणि एक करंगळीएवढा, पुढून पांढरा, शेपटीकडे लाल, डोक्यावर तुऱ्यासारखा पर, जो कुणी शिंकलं तरी दगडाच्या भोकात पळायचा. त्याचं नाव आईने पहिल्याच दिवशी 'पावणो' ठेवलं, म्हणजे पाहुणा, कारण तो आमच्याकडे शेवटपर्यंत संकोचूनच राहिला. आम्ही पक्के मासे खाणारे. टाकीपासून हातभर अंतरावर ओटा, आणि ओट्यावर बुधवार, शुक्रवार, रविवार बांगडे नाहीतर मांदेली कढईत. आई एका हाताने तळायची आणि दुसऱ्या हाताने कोळंबीचा एक सोललेला तुकडा बारीक चिरून बशीत वेगळा ठेवायची, तो काचेतल्यांचा. बाजारात कोळीण चार कोळंब्या जास्त टाकायला का-कू करू लागली तर आई बजावायची, "माझ्यासाठी नाय मागत, घरात पोरां असत." लोकांना वाटतं असे मासे पाळले की माणूस मासे खाणं सोडतो. आमच्याकडे कुणीही काहीही सोडलं नाही. सोमवारी मात्र घरात मासे शिजत नसत, म्हणून काचेतल्यांचं पाणी सोमवारी बदलायचं हा नियम आईने घालून दिला. त्यामागे काय तर्क होता हे मी तिला कधी विचारलं नाही.

अशी टाकी राखायची म्हणजे घरात तान्हं मूल असल्यासारखं असतं, सारखं काहीतरी बघावं लागतं. हवेचा पंप घुरघुरत असायचा, त्या आवाजाची आम्हाला इतकी सवय झाली की वीज गेली की शांततेने जाग यायची. मग आम्ही पाळीपाळीने वाटीने पाणी उचलून वरून ओतत बसायचो, म्हणजे त्यात हवा मिसळते. उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून बर्फाची बाटली टाकीत तरंगत ठेवायची. पाणी उडून कमी होतं तेव्हा वरून साधंच पाणी घालायचं असतं, कारण उडतं ते पाणी, मीठ तिथेच राहतं. आईला हे काही केल्या पटेना. खाऱ्या पाण्यातल्या जिवांना अळणी पाणी घालायचं हा तिला त्यांच्यावर अन्याय वाटे, म्हणून आमच्या माघारी ती त्यात चिमूटभर मीठ टाकायची, तेही स्वयंपाकाचं. खारेपणा मोजायची काचेची नळी एकदा नको तितकी वर तरंगलेली पाहून बाबांनी चौकशी केली, तेव्हा आईने शांतपणे पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाली, "बेताचा असा. तुमची नळीच बिघडली." त्यानंतर मिठाची बरणी फळीवर चढली आणि साध्या पाण्याची कळशी बाबांच्या ताब्यात गेली.

खरी अडचण बदलायच्या पाण्याची होती. डॉक्टरांकडे एक माणूस लाँचवरून दूर आत जाऊन स्वच्छ पाणी भरून आणायचा. डॉक्टर गेले तसा तोही यायचा थांबला. बाबा म्हणाले, त्यात काय, समुद्र एकच, दादरचा काय नि आणखी कुठला काय. त्यांनी दादरच्या चौपाटीवरून कॅन भरून आणला. गणपतीचं विसर्जन होऊन थोडेच दिवस झाले होते, पाण्यात काय काय विरघळलं असेल ते गणपतीलाच ठाऊक. दोन दिवसांत जोकर फिके पडले, पावणो भोकातून बाहेर येईना, सगळ्यांची कल्ल्यांची उघडझाप भरभर होऊ लागली. सहाव्या दिवशी सकाळी चंदेरी मासा टाकीच्या तळाशी आडवा पडलेला होता. बाबांनी त्याला तळहातावर घेतलं, आणि मी त्यांना गिरणी बंद झाली त्या दिवशीही पाहिलं नव्हतं तसं तोंड करून ते बसले. तो दिवस रविवारचा. आई बाजारातून सुरमई घेऊन आली होती, ती तिने शेजारच्या मयेकरकाकूंना देऊन टाकली आणि आमच्यासाठी पिठलं केलं.

चांगलं पाणी कुठे मिळेल हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, आणि बोलत कुणीच नव्हतं. मालवणजवळच्या आमच्या गावी घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर, पाणी असं की कमरेइतक्या खोलीत उभं राहिलं तरी पायाची बोटं दिसावीत. पण त्या घरात काका राहत होता. बाबांचा धाकटा, एकुलता भाऊ. आजोबा गेल्यावर त्याने बाबांना न विचारता पडवीत भिंत घालून आपली चूल वेगळी केली. बाबांना ते मुंबईत तिसऱ्याच माणसाकडून कळलं. ते तडक गावी गेले, अंगणातच उभ्या उभ्या भांडले, आणि "यापुढे तुझ्या घरचा पाणी पिवचंय नाय" असं म्हणून आल्या पावली परत फिरले. तेव्हापासून आम्ही गणपतीला गावी गेलो नव्हतो. कोकणातल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

त्या रविवारी संध्याकाळी आईने मला नाक्यावरच्या पीसीओवर नेलं. "तू बोल," ती म्हणाली, "माझ्याशी बोलताना त्याका लाज वाटतली." गावच्या दुकानात फोन होता, तिथून कुणीतरी काकाला बोलावून आणलं. मी एका दमात सगळं सांगितलं, मासे, दादर, चंदेरी मासा. पलीकडून नुसता वाऱ्याचा आवाज येत राहिला. मला वाटलं फोन तुटला. मग काका म्हणाला, "किती होया?" म्हणजे किती हवं. मी म्हटलं, तीन कॅन. त्याने फोन ठेवला. कशी आहेस, बाबा कसे आहेत, काही नाही. आई म्हणाली, "इचारल्यान ना किती? झाला मगे."

मंगळवारी पहाटे परळच्या नाक्यावर मालवणच्या बसमधून क्लीनरने तीन मोठे कॅन उतरवले. झाकणांखाली केळीच्या पानाचे तुकडे घालून ती सुंभाने करकचून आवळली होती. मी आणि आईने हातगाडी करून ते घरी आणले. बाबा दात घासत होते. त्यांनी कॅनकडे पाहिलं, सुंभाच्या गाठीकडे पाहिलं. ती गाठ त्यांना ओळखीची असणार, कारण एकाच बापाने दोघांना शिकवलेली. "खंयचा पाणी ह्या?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "समुद्राचा." त्यांनी ब्रश पुन्हा तोंडात घातला. मग आईनेच हळूच पुस्ती जोडली, "पिवचा पाणी नाय ता. माशांचा असा." बाबांनी चूळ भरली आणि बाह्या वर सारल्या. संध्याकाळपर्यंत पावणो भोकाच्या तोंडाशी येऊन बाहेर डोकावत होता.

आता कॅन परत पाठवायचे होते, आणि इथून खरी गंमत सुरू झाली. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. शेजारणीची वाटी असली तरी चिमूटभर साखर घालूनच द्यायची. आईने कॅन धुतले आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय घालू ह्यांच्यात?"

"त्याका कायएक धाडूचा नाय," बाबा म्हणाले.

"बरा. मगे बसवाल्याकडे रिकामे तुमीच नेऊन देवा. माझ्यान ता होवचा नाय."

बाबा कॅन घेऊन जिना उतरले. नळापर्यंत गेलेले मी गॅलरीतून पाहिले. तिथे ते थांबले, कॅन खाली ठेवले, उगाच इकडेतिकडे बघितलं, आणि मग समोरच्या बेकरीत शिरले. बाहेर आले तेव्हा हातात खारीचा पुडा होता. तो त्यांनी रुमालात गुंडाळून कॅनच्या मुठीला बांधला. पुढच्या खेपेला कॅन आले ते पाण्याने भरून, म्हणजे त्यांचा हिशेब चोख होता, पण आता रुमालही परत करायचा होता आणि तो काही काकाला रिकामा पाठवता येत नव्हता. रुमालात कोकमाची वाळवलेली सोलं होती. मग सोलांच्या रुमालातून इकडून चहाची पावडर गेली. तिकडून कुळथाचं पीठ आलं. इकडून माकडटोपी गेली, तिकडून फणसाच्या आठळ्या आल्या. एकदा बाबांनी कॅनव्हासचे बूट पाठवले. मी म्हटलं, "माप विचारायचं तरी." तर म्हणाले, "माझाच माप त्याचा." एवढी देवाणघेवाण चालली असताना दोघांमध्ये एका शब्दाचीही चिठ्ठी नाही, फोन नाही. घरात बाबा सख्ख्या भावाला 'तो पाणीवालो' म्हणत. मला त्या काळात दोघांचाही राग यायचा. आज वाटतं, बोलले असते तर कदाचित पुन्हा भांडलेच असते.

चाळीत आमचं पाणी प्रसिद्ध झालं. ते आम्ही गॅलरीत निळ्या पिंपात झाकून ठेवायचो. एकदा नळाला पाणी आलं नाही म्हणून मयेकरकाकूंनी आमच्या पिंपातून तपेलीभर पाणी हक्काने नेलं आणि त्यात भात टाकला. दुपारी काकू ताट घेऊनच दारात उभ्या. "वहिनी, तुमच्या नळाला दर्याचं कनेक्शन दिलंय काय गो?" आई हसून हसून खाली बसली. त्या घरच्यांना त्या दिवशी आमच्याकडचा भात गेला, आणि पिंपावर बाबांनी खडूने मासा काढला.

पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर कॅन अर्धेमुर्धे यायला लागले. आधी गळ्यापर्यंत, मग खांद्यापर्यंत, मग निम्मे. "हात आखडतो घेतल्यान पाणीवाल्यान," बाबा पिंपात पाणी ओतता ओतता म्हणाले. आई भांडी घासत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "भरलेलो कॅन भावजींका झेपणा नसात. पोटात दुखता त्यांच्या, क्लीनर सांगी होतो." त्या खेपेला मोठे कॅन परत गेलेच नाहीत. बाबांनी बाजारातून लहान लहान कॅन आणले, एका हाताने सहज उचलता येतील असे, आणि ते पाठवले. मला कारण विचारायची गरज नव्हती तरी त्यांनी आपणहून सांगितलं, "मोठे कॅन जिन्यार चढवूक माका त्रास होता." सोबतच्या रुमालात पोटदुखीचं औषध होतं. ते कुणासाठी, हे मात्र सांगितलं नाही.

त्यानंतरच्या एका सोमवारी मी आणि बाबा पहाटे परळला उभे होतो. बस आली. क्लीनरने मागची डिकी उघडून लहान कॅन एकेक करून बाबांच्या हातात दिले आणि म्हणाला, "थांबा जरा, आजारी माणूस आहे, त्यांना आधी उतरवतो." आतून कुणाचा तरी आवाज आला, "माका फुडल्या स्टॉपार उतरूचा असा." क्लीनर वैतागून म्हणाला, "अहो, हॉस्पिटल इथेच आहे, पुढे कशाला जाता?" आणि त्याने दंडाला धरून ज्याला खाली आणलं तो काका होता. पायात ते कॅनव्हासचे बूट, आणि अंगावरचा सदरा दुसऱ्या कुणाचा असावा इतका सैल. पाणी त्याच बसने पाठवून स्वतः पुढच्या थांब्यावर गुपचूप उतरायचा त्याचा बेत होता, तो क्लीनरने पार धुळीला मिळवला. मी पाया पडले. त्याचा हात माझ्या डोक्यावर पडला तेव्हा त्याला वजनच नव्हतं, आणि मला रडू फुटलं.

बाबा दोन हातांत दोन कॅन घेऊन तसेच उभे. भावाशी न बोलता ते मलाच म्हणाले, "बाय, खंय जावचा असा विचार."

काकाही माझ्याकडेच बघून म्हणाला, "गावकारांच्या खोलीत. सांगून ठेवलंय."

गावकऱ्यांची खोली म्हणजे लालबागला आमच्या गावच्या लोकांनी मिळून घेतलेली खोली, कामाला नाहीतर औषधपाण्याला आलेला माणूस तिथे उतरतो. आदल्याच दिवशी बाबा तिथे मीटिंगला जाऊन आले होते आणि मजेत पत्ते खेळून आले होते. "खोली बंद असा," ते म्हणाले, "रंग काढतत." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं आणि टॅक्सीला हात केला. आमच्या घरात टॅक्सी म्हणजे बाळंतपण नाहीतर मयत, एवढ्यालाच.

घरी आईने एकही प्रश्न न विचारता पेज टाकली. काका टाकीसमोरच्या स्टुलावर बसला. दोन जोकर पुढे आले, कारण त्यांना समोर बसलेला प्रत्येक माणूस कोळंबी घेऊन आल्यासारखाच वाटायचा. पावणो पळाला. काका वाकून, काचेला नाक लागेपर्यंत जवळ जाऊन बघत राहिला. वर्षभर तो होडीने आत जाऊन, निळं पाणी बघून कॅन भरत होता, आणि कुणासाठी भरतोय हे त्याने आज पहिल्यांदा पाहिलं.

"हेच?" तो म्हणाला.

मी उत्तर देणार तेवढ्यात मागून बाबा म्हणाले, "हेच."

"माका वाटला मोठे असतले. पापलेटाएवढे तरी."

"नाय."

"वाढतले?"

"नाय. एवढेच रवतत."

काका हसायला लागला. हसता हसता खोकला, पोट धरलं, पुन्हा हसला. "दोन बोटांच्या माशांका इतक्या पाणी," तो म्हणाला, आणि बाबांच्या चेहऱ्यावरही काहीतरी हललं. आईने पेजेचं ताट पुढे केलं. तो जेवला, ताट उचलू लागला, आईने ते हातातून घेतलं. मग त्याने पिशवी काखेला मारली आणि कुणाकडेच न बघता म्हणाला, "येतंय. रंग सुकलो असतलो एवढ्यात."

खोटं त्याला पहिल्यापासूनच कळलेलं होतं. आई ओट्यापाशी थिजून उभी राहिली. तो दारातून गेला असता तर हॉस्पिटलच्या रांगेत एकटा बसला असता, खोलीवर एकटा झोपला असता, आणि बाबांना पुन्हा बोलायला दुसरं निमित्त मिळालं असतं की नाही कोण जाणे. बाबांना "राहा" हा शब्द येत नव्हता. त्यांच्या आईबापांनाही तो आला नसावा. ते टाकीपाशी गेले, नळी पाण्यात घातली, आणि पाठमोरेच म्हणाले,

"आज सोमवार. पाणी बदलूचा असा. एकट्याक माका जमणा नाय."

काका दारात उभा राहिला. गॅलरीत मयेकरकाकू कुणाला तरी हाका मारत होत्या. मग त्याने पिशवी खाली ठेवली.

"बरा, दादा," तो म्हणाला.

त्याचं ऑपरेशन परळलाच झालं, आणि तो त्यातून उठला. जवळजवळ वर्षभर तो आमच्याकडे होता, आणि तेवढ्या काळात आम्ही प्रत्येक सोमवारी टाकीचं पाणी बदललं. गावाहून कॅन आता तो फोनवाला दुकानदार भरून धाडायचा. काका स्टुलावर बसून सूचना करायचा आणि बाबा कुरकुरत त्या ऐकायचे. एकट्याला जमत नाही म्हणून ज्याला थांबवून घेतलं होतं, त्याला बाबांनी त्या वर्षात एकदाही कॅनला हात लावू दिला नाही.